वहिनीचा एकटीचा फोटो

आमच्या घरात फोटो पुष्कळ, पण वहिनीचा एकटीचा एकही नव्हता. लग्नाकार्यातल्या प्रत्येक फोटोत ती कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धीच, हातात ताट. मोबाइलमध्येही तशीच. दिवाळीनंतर तिने आपणहून म्हटलं, तुझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात माझा एक काढ, काळा-पांढरा. मी अंगणात खुर्ची टाकली आणि एकच फोटो काढला. पदर सावरून ती चक्क हसली होती.

रोल मात्र मी धुतला नाही. अकरा फोटो शिल्लक होते, ते धानाच्या बांधीत उतरणाऱ्या सारसांसाठी राखून ठेवले होते. अर्धवट रोल धुवायला जीव होईना. हा निव्वळ कंजूषपणा, पण मी त्याला हौस म्हणत होतो. सारस काही आले नाहीत. मे महिन्यात वहिनी गेली, दोन दिवसांच्या तापाने.

दादाला तेरवीला तोच फोटो हवा होता. कधी धुतोस, एवढंच त्याने विचारलं.

नवव्या दिवशी दुपारी न्हाणीघराच्या फटींत चादरी कोंबल्या आणि अंधारात रोल चकरीवर चढवून डेव्हलपिंगच्या डब्यात घातला. झाकण बसलं की डब्यात उजेड शिरत नाही, पुढचं काम दार उघडून करता येतं. औषधं फ्रिजमध्ये गार करून ठेवली होती. वेळ लावून ओतली, डबा हलवला, कुठे चुकलो नाही. राहिलं फक्त साध्या पाण्याने धुणं. त्यासाठी मी नेहमी माठातलं पाणी घ्यायचो. पण माणूस गेलं की आमच्याकडे घरातले माठ बाहेर काढतात, नवे तेरवीनंतर येतात. मी सवयीने स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे नुसती तिवई. वैतागून नळ सोडला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, सकाळपासून तापलेलं पाणी. हाताला चटका बसला, तरी म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

झाकण उघडलं तेव्हा फिल्मवरचा चित्राचा थर गरम पाण्याने सुटून गोळा झाला होता. वहिनीच्या चेहऱ्याच्या जागी उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या तळाशी चिखलाला पडतात तशा भेगा होत्या.

फिल्म उजेडात धरून दादाला दाखवली आणि मी पाण्याचं सांगत सुटलो. माठ नव्हता, टाकी तापली होती, ऊनच तसं होतं. मला रडू येत होतं आणि स्वतःची चीडही येत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पाण्याचं राहू दे," तो म्हणाला. "तिनं तुले फोटो मांगला होता ना? किती बार मांगला?"

"दोनदा," मी म्हणालो.

खोटं बोललो. संक्रांतीपासून ती दर आठवड्याला विचारत होती, आणि तापाने पडल्यावरही एकदा.