राणी खाटेवरून उतरत नाही

डोमा ढिवराचा पोरगा. बाप नव्हता. तलावात जाळं टाकून आईला पोसायचा, आणि दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात बाईचं सोंग घ्यायचा. नागभीडपासून तीन कोसांवरच्या त्या गावात त्याच्यासारखी गवळण दुसरं कोणी उभी करत नसे. बक्षीस पडायचं ते त्याच्या नाचावरच. म्हणून गावच्या पाण्याच्या बावडीसाठी पैसा जमवायचं ठरलं तेव्हा दंडारीतल्या पोरांनी सगळा भार त्याच्यावर टाकला.

बावडीला पायऱ्या होत्या. घागर भरायला माणसं गुडघाभर पाण्यात उतरत. पायातून नारूचा जंत निघालेला माणूसही तिथंच पाय सोडून बसे. गार पाण्यानं आग थांबते. देवी टोचायला आलेल्या माणसानं पोरांना सांगितलं, नारू त्या पायांतूनच पाण्यात उतरतो आणि पाण्यातून सगळ्यांच्या पोटात जातो. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, दोरानं पाणी काढा. गवंडी, दगड आणि चुना मिळून दोनशे रुपये. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडार करायची आणि बक्षीस बावडीला द्यायचं, असं ठरलं.

मंडईला आठ दिवस होते. डोमाच्याच घोट्यावर फोड आला, फुटला, आणि आत पांढरा दोरा दिसला.

आई ताराबाई रोज तो दोरा बांबूच्या काडीवर बोटभर गुंडाळी. ओढला तर तुटतो. तुटला तर पाय सडतो. गावात दोघं जण असेच जन्माचे लंगडे झाले होते.

"नाचशीन तं पाय जाईन," ती म्हणाली. "मंग जाळं कोन टाकन? तुहा बाप येनार हाय वरून?"

"मी नाई गेलो तं बक्षीस कोन देईन, माय? पत्रूच्या थोबाडाले?"

पत्रू दंडारीतला सोंगाड्या. तो दारातच उभा होता. "तुले नाचाचं कामच नाई," तो म्हणाला. "तू राणी. राणी रुसली. राणी खाटंवरून उतरत नाई."

मंडईच्या दुपारी चौघांनी डोमाला खाटेसकट मैदानात आणलं. लुगडं, नथ, पाय उशीवर. घुंगरं त्यानं मनगटांना बांधली होती. तो नुसत्या हातांनी नाचला. पत्रू खाटेभोवती लोळण घेत होता. "राणीसाहेब, झिंगे आनू? वाघूर मासा आनू? गुणवंतरावाची म्हैस आनू?" लोक पोट धरून हसले. आणे, चवल्या पडू लागल्या.

तेवढ्यात गुणवंतरावच उठले. गावचे जुने मालगुजार, जमिनीचे मालक. त्यांनी दहाची नोट वर धरली.

"म्हैस राहू दे. हे घे. पन राणीनं उभं राहून नाचलं पाह्यजे. बसून कोन नाचते?"

टाळ्या पडल्या. दंडारीत एकदम दहा रुपये कोणी दिले नव्हते. डोमानं पाय उशीवरून खाली घेतला.

"डोमाऽ!" बायांमधून ताराबाई ओरडली.

तो उभा राहिला नाही. त्यानं लुगडं घोट्याच्या वर घेतलं.

काडी सगळ्यांना दिसली. हे काय, असं विचारावं लागेल असा एकही माणूस त्या मैदानात नव्हता.

"भाऊ," डोमा आपल्या पुरुषी आवाजात म्हणाला, "मागच्या साली बी निघाला होता. मी बावडीत पाय सोडून बसलो. तेच पानी मी पेलो. तुमीबी पेले. राणी नाई नाचत आता."

गुणवंतरावांनी स्वतःच्या नडगीकडे पाहिलं. तिथला काळा व्रण झाकायला त्यांनी धोतर थोडं खाली ओढलं. मग पुढे आले, नोट खाटेवर ठेवली.

"बस बाप्पा," ते म्हणाले. "हालू नोको. दगड माह्या खदानीतून न्या."

मग बाया उठल्या. दंडारीत बाया कधी बक्षीस देत नसत. म्हाताऱ्या देवकाबाईनं पदराची गाठ दातांनी सोडली.

दगडाचे पैसे वाचले, चुन्यागवंड्यापुरते जमले. आठवड्यात पायऱ्या बुजवायचं काम लागलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताराबाई काडी फिरवत असताना दोरा एकदम सैल पडला. तिनं ओढ न देता काडी फिरवत ठेवली. दोरा आला, आणखी आला, आणि संपला. तिनं टोक उन्हात धरून पाहिलं. निमुळतं होतं, तुटलेलं नव्हतं.

"आला," ती म्हणाली. "पुरा आला रे, डोमा."

डोमाला तेवढ्यात झोप लागली होती. तलावावर बोलवायला पत्रू आला, तर तिनं त्याला दारातूनच हाकललं. मग तीही लेकाच्या पायाशी आडवी झाली. भर दुपारी, चूल न पेटवता.