देवमाशाचा माथा
ओल्या जाळ्याचा आणि डिझेलचा वास एकत्र आला की मला दहाएक वर्षांपूर्वीची मस्कतमधली एक दुपार आठवते. मी मासेमारी बोटीवर मेकॅनिक होतो. एकदा जाळ्यात दगड झालेली एक कवटी अडकली. जाळं वाचवायला मी तिच्या माथ्यावर छिन्नी चालवली आणि निघालेला तुकडा पाण्यात फेकला. आमच्या अर्बाबने, म्हणजे बोटीच्या मालकाने, उरलेल्या कवटीचा, तिच्या लांब चोचीचा फोटो कुणाला तरी पाठवला, आणि पुण्याच्या एक वयस्कर संशोधक बाई मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या. भर उकाड्यात जमिनीवर बसून त्या चोचीवरून बोटं फिरवत राहिल्या. "चोचवाला देवमासा आहे, पण अशी चोच कुठल्याच माहितीतल्या प्रजातीची नाही," त्या हरखून म्हणाल्या, "आता माथ्यावरचा उंचवटा पाहिला की नक्की सांगता येईल." मग त्यांचा हात तुटलेल्या कडेवर थांबला. "मॅडम, ते मीच तोडलं," मी म्हणालो, "तुकडा दर्यात गेला." "तुम्हाला कुठे ठाऊक होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नव्या प्रजातीसाठी वहीत लिहून आणलेलं नाव त्यांनी पेन्सिलीने हलकेच खोडलं. ते काय होतं हे विचारायचा मला तेव्हा धीर झाला नाही, आणि आता सांगायला त्या राहिल्या नाहीत.