सोनवणेबाईंच्या घरचा रविवार

सोनवणेबाई जेवायला बोलवायच्या तेव्हा प्रत्येक पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्या ताटाशी उभी करायच्या. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद कापायचा, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात त्यावर नाव घालायचं आणि पेरूला खाच पाडून तिच्यात ती चिठ्ठी खोवायची. बारामतीत तेव्हा, नव्वद सालानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा जागा दिसेल तिथं बसायची रीत होती. आपलं नाव लिहिलेली जागा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिली, आणि त्याच जागेवर बसून मी त्यांच्याशी खोटं बोलले.

आम्ही दोघी अंथुर्ण्याच्या शाळेत शिक्षिका होतो. त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मी नुकतीच लग्न होऊन बारामतीला आलेली. सकाळी एकाच एसटीने जायचो, एकाच बाकावर बसायचो. त्यांचं घराणं छप्पन साली बौद्ध झालेलं. आमच्या घरात आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता शेती आणि नोकऱ्या. वर्गात त्या इतकं शुद्ध बोलायच्या की पोरं टरकून असायची. घंटा झाली की मात्र त्यांच्या माहेरची, बावड्याची बोली सुरू व्हायची.

त्यांचे वडील लवकर गेले आणि आई पुण्यात एका बंगल्यावर कामाला राहिली. "आई आत जायाची, मी वट्यावर," त्या सांगायच्या. "दारातनं टेबल दिसायचं. पांढरं कापड, काचंच्या बशा, मधी फुलं. पाणी मागितलं तर बाई वरनं वतायची माझ्या वंजळीत. तवाच ठरीवलं, आपुन बी आसं टेबल मांडायचं आन् समद्यांला बोलवायचं. वट्यावर कुणाला बसवायचं न्हाय." हे सांगताना त्या हसायच्या. मला काही हसू यायचं नाही.

त्यांच्या दीड खोलीत ते टेबल होतं. यजमान, म्हणजे सोनवणेदादा, बँकेत कारकून. तिथून मोडीत निघालेलं टेबल त्यांनी आणलं, एक पाय विटेवर टेकवला. वर बाईंनी स्वतः भरतकाम केलेली पांढरी चादर. हात पुसायच्या रुमालांना त्या पानाच्या विड्यासारखी घडी घालायच्या. ती मोडायला नको म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा धोतरालाच हात पुसले. पाहुण्यानं भेट आणली की त्या ती तिथल्या तिथं उघडून, धुऊन वापरायला काढायच्या. "कपाटात ठिवली तर देणाऱ्याला कसं कळंल आपल्याला आवडली?" असं त्यांचं म्हणणं. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत, मग ती जवसाच्या चटणीची पुडी का असेना.

पहिल्या जेवणाला त्यांनी आठ जणांना बोलावलं होतं. रविवारची दुपार. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "जायाला जा, पण तितं खाऊ नगं. काय तरी सांग आन् ये." सासूबाईंवर ढकलून मी आजही मोकळी होऊ शकते. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. माझं शिक्षण झालं होतं, रोज एका बाकावर बसत होते, त्यांच्या हातचे शेंगदाणे खात होते, आणि तरी त्यांच्या घरचं शिजवलेलं अन्न म्हटल्यावर घशाशी काहीतरी अडत होतं. मी लेमन सेट घेऊन गेले. लगेच धुऊन त्यात सरबत आलं. आठांपैकी चारच जण आले होते. बाईंनी न आलेल्यांच्या चिठ्ठ्या उचलल्या, "येतील पुढच्या खेपंला," म्हणाल्या आणि वाढायला घेतलं. मटणाचा वास खोलीभर सुटला होता. माझ्या ताटाशी पळी आली आणि मी म्हणाले, "मला नको बाई. माझा रविवार असतो. खंडोबाचा."

पळी तिथंच थांबली. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, पण त्या उलट ओशाळल्या. "आगं बया! मी इचारलंबी न्हाय. माझंच चुकलं." धावत जाऊन केळी सोलून आणली, काचेच्या बशीत चकत्या मांडल्या, वर डाळिंबाचे दाणे पेरले. मी ते खाल्लं. फळाला काही होत नाही, अशी मनाची समजूत घातली.

तिथं हे संपायला हवं होतं. पण पुढचं जेवणही रविवारीच होतं, आणि माझ्या चिठ्ठीपुढे वेगळंच पान मांडलेलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप, दही. त्यासाठी त्यांनी नवं पातेलं आणलं होतं, ते दुसऱ्या कशाला वापरत नव्हत्या. ज्या बाईच्या घरातून देव, नवस, उपास सगळं आईबापांच्या पिढीतच गेलेलं, ती एसटीत मला विचारायची, "जिरं चालतं का वं तुमच्यात? आन् हिरवी मिर्ची?" मी मान हलवायची. त्या दुसऱ्या वेळी मी भगर खाल्ली, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत घशातलं ते अडणं कुठल्या कुठं गेलं होतं. मला सगळ्यांबरोबर जेवायचं होतं. मटण तर मला जीव की प्राण. पण आता उपास सोडायचा म्हणजे तो कधी नव्हताच हे सांगायचं, आणि का नव्हता तेही. मला धीर झाला नाही. सहा-सात वर्षं मी त्यांच्या टेबलाशी भगर खात राहिले.

याहून वाईट म्हणजे त्यांना माझा अभिमान वाटायला लागला. त्यांच्या वस्तीतल्या बायका त्यांना बोलत. "आपण सोडलं त्ये समदं, आन् तू उपासाचं रांधती व्हय?" बाई त्यांना सांगत, "मी उपास करत न्हाय, पावणीसाठी रांधती. ती बाई आपला देव सांभाळून माझ्या घरी जेवती. न येणाऱ्यांस्नी म्हणावं, धर्म आडवा येत न्हाय, मन येतं." हे सगळं त्या मला कौतुकानं ऐकवत. शाळेतही एकदा सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "कोकरेबाईंकडनं शिका." मी खाली मान घालून वह्या तपासत बसले. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

मग त्यांना पोटाचं दुखणं लागलं. बारामतीत इलाज झाला, पुण्याला नेलं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेले तो रविवारच होता. बाई कॉटवर एवढ्याशा झाल्या होत्या. मला बघून त्यांनी दादांना हाक मारली. "अवो, कोकरेबाई आल्यात. त्यांचा रविवार हाय. डब्यात भगर हाय का बघा जरा."

माझा बांधच फुटला. त्यांचा हात धरून मी सगळं सांगून टाकलं. माझा रविवार कधीच नव्हता बाई, मी खोटं बोलले.

त्या आढ्याकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "पैल्यापास्नं?"

"हो."

"मंजी त्या दिशी मी पळी घिऊन हुबी व्हते तवा... तुमाला माझ्या हातचं नगं व्हतं."

"तेव्हा नको होतं. नंतर हवं होतं बाई, खरंच हवं होतं."

"मी वस्तीत सांगितलं व्हतं वं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. सांगून मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. आता कळत होतं की मी माझं ओझं त्या अंथरुणावर ठेवून दिलं होतं, आणि ते त्या बाईला उचलायला दिवसही फारसे उरले नव्हते.

उठून निघावं की बसावं ते समजेना. दादा दारात भगरीचा डबा धरून उभे. तेवढ्यात भिंतीकडूनच बाईंचा आवाज आला. "अवो, ठिवा तो डबा. तुमी केलंय त्ये वाढा त्यांला. समदं वाढा."

दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वयंपाक शिकायला घेतला होता. एका बाजूने करपलेली भाकरी, गुठळ्या झालेलं पिठलं, फोडलेला कांदा. टेबलावर औषधांच्या बाटल्या होत्या, म्हणून मी जमिनीवर बसले. पहिला घास घेतला. रडू येत होतं आणि रडत जेवणं हा त्या घरात अपमान झाला असता, म्हणून मी गिळत राहिले.

बाईंनी कूस बदलली. माझ्या ताटाकडे बघितलं, भाकरी कुठवर आलीय ते बघितलं. मग पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "मीठ बरुबर हाय का?"

"बरोबर आहे बाई."

"मग सावकाश जेवा."

पुढच्या रविवारच्या आत त्या गेल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. विचारायची माझी हिंमतही नव्हती. लोकांना मी सांगते की सोनवणेबाईंसारखं कुणी खाऊ घालत नसे, आणि ते खरंच आहे. पण त्यांच्या मटणाची चव कशी होती असं कुणी विचारलं, तर मला माहीत नाही.