डॉक्टरांच्या फियाटमधली खरखर

डॉक्टरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा फोन आला, "बाळू, डॉक्टर वारले रे," तेव्हा मी कणीक मळत होतो. मोहालीत आपल्या मराठी पोरांसाठी खानावळ आहे माझी. दुसरा कुणी हात धुऊन पळाला असता. मी काय केलं, तर रोजच्यासारखा डॉक्टरांचा बिनमिठाचा डबा भरला आणि तो घेऊन गेलो... काकूंनी डबा बघितला, डोळे पुसले, म्हणाल्या, "आता हा तूच खा." संध्याकाळी खाल्ला. हा माणूस इतकी वर्षं माझं असलं जेवण "झकास" म्हणून खात होता!

शाळेशी माझं जमलं नाही. मी बोलतोय, माझी पोरगी लिहून घेतेय; ती हसली की समजायचं, मी कुठंतरी माती खाल्ली.

डॉक्टर चंदीगडला मोठे सर्जन. आम्ही दोघं सांगलीकडचे, एवढ्यावर दोस्ती. त्यांची जुनी फियाट होती. दर रविवारी काकूंना शेजारी बसवून मुल्लानपूरच्या शेतांकडं चक्कर, मागं मी आणि थर्मास. डॅशबोर्डाखाली गाडीबरोबर आलेला रेडिओचा एकच स्पीकर, तो म्हातारपणी खरखरायला लागला. डॉक्टर तळव्यानं डॅशबोर्डावर दोन थापा मारायचे, की खरखर घटकाभर बंद. शेवटी काकू म्हणाल्या, "या खरखरीत मी बसायची नाही." आणि खरंच बसेनात. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. चक्कर मारायचे, पण शेजारची जागा रिकामी...

मी म्हटलं, "साहेब, मी करतो की." स्पीकर काढला, आतला कागद फाटलेला. पतंगाला लावतात तशी मैद्याची खळ केली, कागद चिकटवला आणि खानावळीच्या कोठीत वाळत ठेवला. उंदरांनी खळ खाल्लीच, वर मूळचा कागदही खाल्ला. डॉक्टर त्या सांगाड्याकडं बघून म्हणाले, "बाळू, पेशंट दगावला. पण उंदरांना तुझं जेवण आवडलं."

मग इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचे रेडिओ बसवणाऱ्या एका सरदारजींकडं गेलो. ते खूश. "ओ डॉक्टर साब, दोनों दरवाजे काट के बड़े स्पीकर लगा देते हैं जी. डिस्को बन जाएगी!"

"डिस्को नहीं चाहिए, बीवी वापस चाहिए," डॉक्टर म्हणाले. "और काटना नहीं है. सारी उम्र आदमी काटे, गाड़ी नहीं काटूंगा."

सरदारजी हसून हसून बेजार. त्यांनी जुन्या जाळीमागं मावेल असा छोटा नवा स्पीकर शोधला आणि जुन्याच भोकांत स्क्रू पिळून बसवला. मी बॅटरी धरली होती, बहुतेक वेळ सरदारजींच्या डोळ्यांत.

पुढच्या रविवारी काकू बसल्या. आवाज असा स्वच्छ, की बातम्या देणारी बाई आपल्यातच बसलीय. तरी डॉक्टरांनी दोन थापा मारल्याच.

"अहो, आता कशाला?"

"विचारपूस," डॉक्टर म्हणाले. मग दर रविवारी विचारपूस.

गेल्या रविवारी काकूंनी चावी माझ्या हातात दिली. मी चालवली, त्या शेजारी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, तो टाकायला गेलो की वायपर सुरू व्हायचा. रेडिओ मात्र झकास. मुल्लानपूर आलं. काकू म्हणाल्या, "बाळू, काहीतरी चुकतंय रे."

मी घाबरून हँडब्रेक बघितला. खरंच ओढलेला होता. सोडला.

"ते नव्हे," काकू म्हणाल्या. पुढं वाकल्या, डॅशबोर्डावर तळव्यानं दोन थापा मारल्या आणि मागं टेकल्या. "हं... चल आता."