हेळव्याच्या पोथीतली जागा

दुधनीच्या मेंढपाळाची सोनाली सोलापुरात राहून पीएचडी झाली. विषय काय, तर इतिहास लिहिणाऱ्यांचाच इतिहास. त्यातही घराण्याच्या पिढ्या पोथीत लिहून दारोदार वाचणारे हेळवी. पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी ती मुलाखतीला गेली, तर साहेब हसले. "बाई, हेळवी जोंधळे मागतात, इतिहास लिहीत नाहीत." जागा दुसऱ्याला गेली, आणि सोनालीचं अर्जाचं वयही सरलं.

ती गावी परतली त्याच आठवड्यात सुगीचा हेळवी दारात आला. पोथी उघडून त्यानं खापरपणज्यापासून सूर धरला, तो दहावीत गटांगळ्या खाल्लेल्या भावापाशी येऊन थांबला.

"काका, आन् मी?" लेकीचं नाव पोथीत चढत नाही, हे सोनालीनंच प्रबंधात लिहिलं होतं. तरी विचारलं.

"लेकीचं नाव सासरच्या पोथीत, अक्का. तुमचं सासर कुटलं?"

"न्हाय की."

"मग कुटंच न्हाय बगा."

आतून आई म्हणाली, "ह्याच्याच पोथीपायी उमर घालवलीस की गं!"

रिवाजाप्रमाणं सूपभर जोंधळे सोनालीनंच त्याच्या झोळीत ओतले. हेळव्यानं तोंडभर आशीर्वाद दिला, भावाला.