आज कोन्या बँकेनं याद केलं?

कॅफेत शिरताना मामा चपला बाहेर काढायचे. तसा काही नियम नव्हता, पोरं तर चिखलाच्या बुटांनी आत यायची. मग मामा दाराजवळच्या भिंतीवर तळहात टेकवायचे, मान वर करून एकदा स्लॅबकडं बघायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणायचे, "बघा बरं इस्लापूरकर, आज कोन्या बँकेनं याद केलं."

इस्लापूरकर म्हणजे मी. लातूरला तेव्हा ट्यूशनची लाट होती. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, घराघरावर 'मुलांसाठी खोली भाड्याने', आणि पोरांच्या फॉर्मासाठी, निकालासाठी आमच्यासारखे नेट कॅफे. सातवीत शाळा सुटलेला माणूस कम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, हे आमच्या गावात कुणाला पटत नव्हतं. मलाही नव्हतं. मालकानं विश्वासानं काउंटरवर बसवलं होतं. त्याचे उपकार मानत, आणि आज आपल्या हातून काहीतरी बिघडणार या धास्तीत, मी दिवस काढायचो. बायको-लेकरं तिकडं इस्लापूरला. इथं मला 'जेवलात का' असं पहिल्यांदा विचारलं ते मामांनी.

मामा शेजारच्या होस्टेलवर राखणीला होते. आता ते नाहीत. त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि तेव्हाही त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. होस्टेलच्या एका पोरानं बारावी झाल्यावर जाता जाता त्यांना ई-मेल काढून दिला होता. "मामा, ह्याच्यावर पत्र टाकत जाईन," म्हणाला होता. पोरगं इंजिनिअरिंगला गेलं. त्याचं पत्र काही आलं नाही. बँकांची मात्र यायला लागली.

तुम्हीही बघितली असतील ती पत्रं. कुठल्या कुठल्या देशांतल्या बँका, वर त्यांचा शिक्का, खाली मॅनेजरची सही. इंग्रजी मला येत नव्हतं, मामांना तर नव्हतंच. बाजूच्या खुर्चीवरचं एखादं पोरगं वाचून मराठीत सांगायचं आणि बाकीची पोरं आपापलं काम सोडून ऐकायची.

"प्रिय मूल्यवान ग्राहक..."

"मूल्यवान म्हनं!" मामा माझ्याकडं वळायचे. "ऐकलं का इस्लापूरकर? हितं होस्टेलची पोरं मला धड मामा बी म्हनंनात."

"तुमच्या खात्यात रशियातून कुणीतरी शिरायचा प्रयत्न केलाय."

"रशियातून? अन् दारावर मी बसलेलो असताना?"

पोरं टेबलावर डोकी टेकून हसायची. मामा हसायचे नाहीत. त्यांना खरंच राखणीवर ठपका आल्यासारखं वाटायचं.

"चोवीस तासांत माहिती भरली नाही, तर खातं बंद होईल."

"चोवीस घंटे! लई दिले की. आपला तहसीलवाला जेवून येतो म्हनून जातो, ते दुसऱ्या दिवशीच घावतो."

आणि सगळं ऐकून झालं की ते जवाब द्यायला लावायचे. पोरं नको म्हणायची, पण मामा ऐकायचे नाहीत. "कुनी पत्र लिवलं तर उलटून लिवावं. न्हाई तर म्हनतील, लातूरची लोकं माजली." मग ते सांगायचे आणि पोरगं इंग्रजीत टाईप करायचं: तुमचं पत्र पावलं. तुमच्या बँकेत माझं खातं नाही, तरी आठवण ठेवली, आभारी आहे. कधी इकडं आलात तर होस्टेलवर या, चहा घेऊन जा.

बहुतेक वेळा ते पत्र तसंच परत यायचं. असा पत्ताच नाही म्हणून.

"बँकेचा पत्ता न्हाई? मंग ती राहती कुठं?" मामांना काळजी पडायची.

"मामा, चोर आहेत ते," एकदा एक पोरगं वैतागून म्हणालं. "पासवर्ड काढून घेतात."

"असतील की. मी कुठं पासवर्ड देऊन राहिलो? चहाला बलावून राहिलो."

एका दुपारी लाईट गेली. पोरं निघून गेली. मामा आणि मी बाहेर पायरीवर बसलो. लाईट गेली की मला उगाच माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मामांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि पहिलं पान माझ्यासमोर धरलं. त्यावर दोन नावं होती. एक त्यांचं, एक बाईचं.

मामांचं गाव निलंग्याकडचं. भूकंपात घराच्या दगडी भिंती आत पडल्या. मामा रात्री रानात राखणीला होते म्हणून वाचले. लेकरूबाळ नव्हतं.

"रेशनकार्डावरून कमी केलं घरचीला," ते म्हणाले. "मतदार यादीतून कमी केलं. नव्या गावात घर भेटलं, त्याच्यावर येकट्याचं नाव. हितं तेवढं ऱ्हायलंय. तिच्या म्हशीचं दूध डेअरीला जायचं, त्याच्या पैशाला खातं काढलं व्हतं. बँकेला म्या काईच कळवलं न्हाई. तिथं अजून आमी दोघं हाव."

पासबुक परत पिशवीत गेलं. लाईट आली, पण बराच वेळ आम्ही आत गेलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आणखी एक पत्र आलं. पोरानं बँकेचं नाव वाचलं आणि मामा खुर्चीच्या कडेवरून उठलेच. ती त्यांचीच बँक होती. खातं बंद होणार, असंच त्यातही होतं. पोरांनी शपथा घेऊन सांगितलं, खोटं आहे, नेहमीसारखंच आहे. मामांना पटलंही. पण ते उभेच राहिले. "असू द्या. पर जाऊन पुसतो. येवढं प्रिंट मारून द्या."

प्रिंट मी काढली होती, काही झालं तर माझ्यावरच यायचं. सकाळी मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो.

काउंटरवर एक तरुण मॅडम होत्या. कागद वाचून त्या मनापासून हसल्या. "मामा, आम्ही असं कधी पाठवत नाही. फाडून टाका. बरं केलंत विचारायला आलात, शिकलेले लोकसुद्धा येत नाहीत." मामांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. "थांबा," मॅडम म्हणाल्या, "तुमची खात्री पटावी म्हणून खातंच बघते."

त्यांनी बघितलं. "खातं व्यवस्थित आहे. दुसरं नाव बाईंचं आहे ना? त्यांचा फोटो नाही आमच्याकडं. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

मामा काउंटरवरचा कागद उचलून घडी घालायला लागले.

"आजारी असतात का?"

खोटं बोलणं मामांना जमत नव्हतं. "भूकंपात गेली," ते म्हणाले.

मॅडमचे हात थांबले. त्यांनी पाणी मागवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, मग नाव कमी करावं लागेल. मला आता कळलंय, मला तसंच ठेवता येत नाही. आजच करा असं नाही. कागद घेऊन जमेल तेव्हा या."

चोरांच्या एवढ्या पत्रांनी जे झालं नाही, ते त्या भल्या मुलीला करावं लागणार होतं. मामा तिच्यावर रागावले नाहीत. उलट बाहेर आल्यावर म्हणाले, "लेक चांगली हाय. तिची नोकरी धोक्यात नको."

पुढच्या सोमवारी मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही परत गेलो. फॉर्म मॅडमनीच भरला. शेवटी म्हणाल्या, "मयताचं नाव तुमच्या तोंडानं सांगा, मी पडताळून बघते."

आमच्याकडं जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. मीही घरी फोन लावला की अजून 'आगं' म्हणतो. मामांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी सांगा की."

"नाही, खातेदारानंच सांगायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

मामांनी सांगितलं. शेजारी असून मलाही ऐकू आलं नाही.

"पंख्याचा आवाज आहे मामा, जरा मोठ्यानं."

मग मामांनी, बांधावरून घराकडं हाक मारावी तसं, ते नाव घेतलं. मागच्या बाकावरून एक म्हातारी लगबगीनं उठली. "ओ! आला का माझा नंबर?" तिचंही तेच नाव असणार.

मामा तिच्याकडं बघत राहिले. "न्हाई माय, बसा," ते म्हणाले. "तुमाला न्हाई बलावलं."

सही करून आम्ही बाहेर पडलो. ऊन चढलं होतं, क्लास सुटल्यामुळं रस्ता सायकलींनी भरला होता. चालता चालता मामा काहीतरी बोलत होते. मला वाटलं माझ्याशीच, म्हणून मी कान जवळ नेला. ते नाव घेत होते. एकदा घेतलं, थोडं चालले, परत घेतलं.

मी सायकलींना वाट देण्याचं निमित्त करून मागं राहिलो.