उजवा बाक

गल्लीच्या टोकाला खुर्च्यांचं एक दुकान आहे. त्याला सगळे डावऱ्यांचं दुकान म्हणतात. खरं तर त्या घरात डावरा एकच होऊन गेला, आत्ताच्या सुताराचा आजोबा. त्याने आपल्या सोयीने कामाचा बाक बांधला, लाकूड धरणारा शिकंजा उजव्या टोकाला बसवला, रंध्यांच्या मुठी डाव्या तळव्याला बसतील अशा कोरल्या आणि बाकाचे पाय जमिनीत असे घट्ट रोवले की भूकंप आला तरी हलू नयेत. पुढे मुलगा झाला तो उजवा, नातू झाला तोही उजवा. पण एवढा बाक उखडायचा कोणी? त्यापेक्षा पोरांचे हात फिरवणं सोपं होतं. जेवायला बसले की सगळे उजवे, कामाला उभे राहिले की सगळे डावे, अशी त्या घराची गल्लीभर थट्टा व्हायची.

सुतार आता त्रेपन्न वर्षांचा आहे. सात वर्षांचा असताना वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला बाकापाशी उभं केलं आणि रंधा डाव्या हातात दिला. हात चुकला की अण्णा एकच शब्द बोलायचे, "परत." शिव्या नाहीत, मार नाही, नुसतं "परत". त्या शब्दाचा त्याला इतका तिटकारा बसला की शाळेतल्या बाईंनी पाढा परत म्हणायला सांगितला तरी त्याच्या कपाळावर आठी पडायची.

बाविसाव्या वर्षी तो पळाला. पळाला म्हणजे रीतसर सांगून गेला, पण मनातून पळालाच. लांबच्या शहरात फर्निचरचा मोठा कारखाना होता, तिथे एका रांगेत वीस बाक, सगळे उजवे. पहिल्या दिवशी शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागून भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना बोलावून त्याची गंमत दाखवली. तिसऱ्या दिवशी त्याने उजव्या हाताने रंधा मारायचा प्रयत्न केला आणि एका चांगल्या मेजाच्या फळीवर खड्डा पाडला. संध्याकाळच्या गाडीने तो घरी. अण्णांनी चौकशी केली नाही. म्हणाले, "त्या चार खुर्च्यांचे पाय राहिलेत." तो बाकापाशी उभा राहिला, तो एकतीस वर्षं तिथेच. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. भिंतीवरचा प्रत्येक पोपडा त्याच्या ओळखीचा झाला. काम उत्तम करायचा, त्यात वादच नाही. पण त्या बाकावर त्याचं प्रेम कधीच नव्हतं. जगात कुठेही गेलो तरी आपले हात याच एका खोलीत चालतात, ही गोष्ट त्याला रोज सकाळी कुलूप काढताना टोचायची.

म्हणून लेक दुकानात रांगायला लागली तेव्हापासून त्याने तिला बाकापासून लांब ठेवलं. ती हट्टी. विशीत आली आणि म्हणाली, "बाबा, मला हेच काम शिकायचंय. तुम्ही नाही शिकवलंत तर दुसरीकडे शिकेन."

त्यावर सुताराने आठ दिवसांत दुसरा बाक बांधला. उजवा. शिकंजा डाव्या टोकाला, मुठी उजव्या तळव्याच्या. तो त्याने खोलीच्या मधोमध मांडला.

दाराशी खुर्ची टाकून बसलेले अण्णा भडकले. "तीन पिढ्यांचा बाक असताना हे काय नवीन? घरात दोन चुली मांडतोयस का?"

"तिला कुठेही काम करता आलं पाहिजे, अण्णा."

"इथे काय वाईट आहे?"

सुतार नवा शिकंजा आवळायला लागला. उत्तर फार लांबलं असतं.

शिकवायची मात्र पंचाईत झाली. जे तिला उजव्या हाताने करायचं होतं, ते त्याला स्वतःलाच येत नव्हतं. शेजारी उभं राहून दाखवलं की तिचा गोंधळ उडायचा. मग एक दिवस तो नव्या बाकाच्या पलीकडे, तिच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आरशात बघतेस तसं माझ्याकडे बघ." त्याचा डावा हात हलला की तिचा उजवा हलायचा. दोघांचे रंधे एकाच दिशेला धावायचे. दोन वर्षं बापलेक अशी समोरासमोर उभी राहिली. एवढा वेळ भिंत सोडून माणसाच्या तोंडाकडे बघत काम करायची त्याची ही पहिलीच वेळ.

मग तिला त्याच लांबच्या शहरातल्या कारखान्यातून बोलावणं आलं. सोमवारी ती गेली. सुताराने हत्यारांची पिशवी गाडीपर्यंत उचलली आणि दुकानात येऊन कामाला लागला.

"तीन दिवस," अण्णा दारातून म्हणाले. "तू तीन टिकलास."

"माहितीये मला."

"मी चार टिकलो होतो."

सुताराचा रंधा थांबला. "तुम्ही? कुठे?"

"तिथेच. तुझ्या जन्माच्या आधी."

"आणि हे मला आज सांगताय?"

"आधी सांगून काय झालं असतं? तू दुसऱ्याच दिवशी परत आला असतास."

सुताराला संताप आला. ज्या माणसाला आयुष्यभर कोंडणारा समजलो, तोही इथेच कोंडलेला होता आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही! त्या दिवशी तो अण्णांशी बोलला नाही. पण दिवस दोघेही मोजत होते. गुरुवारी संध्याकाळी गाडी यायच्या वेळेला अण्णा गल्लीच्या तोंडाकडे बघत बसले आणि सुतार बघत नसल्याचं दाखवत राहिला. गाडी आली, गेली.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"बाबा, इथे सगळे एका रांगेत उभे असतात. समोर कोणीच नसतं. पहिले दोन दिवस माझा हातच चालेना."

"मग? येतेस का परत?"

"छे! आता बसलाय हात. खोली बघतेय भाड्याने."

फोन ठेवून त्याने अण्णांना सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. ते झोपलेत असं बघून सुतार उजव्या बाकापाशी आला. एक फळी शिकंज्यात धरली, लेकीचा जुना रंधा उजव्या हातात घेतला आणि ढकलला. रंधा उडाला, फळी ओरबाडली गेली. दुसऱ्यांदाही तेच. त्रेपन्नाव्या वर्षी सात वर्षांच्या पोरासारखी गत झाली. लाज वाटून त्याने रंधा खाली ठेवला.

काठीचा आवाज आला. अण्णा झोपलेले नव्हतेच. दारापासून सावकाश चालत ते बाकाच्या पलीकडे, बरोबर त्याच्या समोर येऊन उभे राहिले. काठी बाकाला टेकवली. चौऱ्याऐंशी वर्षांचा डावा हात त्यांनी हवेत धरला, मुठीत रंधा असावा तसा.

"माझ्याकडे बघ," ते म्हणाले. "परत."